हेल्मेट वाढत्या अंगाचं घेऊ नका

‘जरा वाढत्या अंगाचंच दाखवा.’ शाळेचा गणवेश असो, रेनकोट असो की बूट, हे वाक्य ऐकतच आपण मोठे झालो. पुढच्या वर्षीही पुरलं पाहिजे हा साधा हिशेब. तोच हिशेब डोक्यात ठेवून मी कॅनडातल्या मिसिसागा शहरातल्या एका दुकानात मुलासाठी आईस हॉकीचं पहिलं हेल्मेट घेतलं. तो तेव्हा सहा वर्षांचा होता. डोकं मोजलं नाही, वय सांगितलं, आणि दोन वर्षं चालावं म्हणून दाखवलं त्याहून एक साईज मोठं उचललं. दुसऱ्याच सरावाला तो तोंडावर पडला. हेल्मेट मागे सरकलं, कपाळ उघडं पडलं आणि हेल्मेटला पुढून लावलेल्या तोंडावरच्या जाळीची खालची कड वर येऊन ओठावर आदळली. ओठ थोडा फाटला, बाकी काही झालं नाही. कोचने त्याला बाहेर आणून दिलं आणि दुसरं हेल्मेट आणेपर्यंत बर्फावर सोडू नका म्हणून सांगितलं.

त्यानंतर मी त्या हेल्मेटच्या मागचे स्टिकर पहिल्यांदा नीट वाचले. आज तो यू ११ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांखालच्या गटात खेळतो आणि दर सप्टेंबरला टीममध्ये नव्याने आलेल्या घरांना हेल्मेट बघायला मी मदत करते. त्यात आपली मराठी घरंही असतात. आईबाबा कधी स्केटवर उभे राहिलेले नसतात, ‘हॉकी’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर हिरवं मैदान येतं. त्यांचे प्रश्न दर वर्षी तेच असतात: कुठल्या वयाला कुठलं, या स्टिकरांचा अर्थ काय, मित्राच्या मुलाचं जुनं चालेल का. त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहिते आहे.

आधी डोक्याला लागतं काय ते बघू. पक म्हणजे कडक रबराची चकती. व्यास ३ इंच, जाडी १ इंच, वजन १५६ ते १७० ग्रॅम. आपला क्रिकेटचा सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, म्हणजे वजनाला दोघं जवळजवळ भाऊ. फरक इतकाच की पक खेळण्याआधी गोठवतात, त्यामुळे तो उसळत नाही, बर्फावरून सरळ घसरत येतो. लहान गटांत बऱ्याच ठिकाणी हलका निळा पक वापरतात. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला खरा धोका पकाचा कमी आणि पडण्याचा जास्त असतो. पाय पुढे निसटतात, मूल मागे कोसळतं आणि डोक्याचा मागचा भाग बर्फावर आपटतो. किंवा थांबता येत नाही म्हणून ते कडेच्या फळीवर जाऊन धडकतं. शिवाय आजूबाजूला दहा मुलं, प्रत्येकाच्या हातात काठी आणि पायात धारदार पातं. म्हणून हेल्मेट आणि तोंडावरची पूर्ण जाळी या दोन्ही गोष्टी कॅनडात मुलांच्या हॉकीत सक्तीच्या आहेत, आणि हनुवटीचा पट्टा लावलेला असणं हाही नियमाचाच भाग आहे.

ही सक्ती सहज आलेली नाही. १३ जानेवारी १९६८ ला मिनेसोटा नॉर्थ स्टार्सचा बिल मास्टरटन सामन्यात मागे पडला, डोकं बर्फावर आपटलं, आणि दोन दिवसांनी तो गेला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तेव्हा एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आईस हॉकी लीगमध्ये, फारच थोडे जण ते घालत. त्यानंतरही नियम यायला अकरा वर्षं लागली. १९७९ मध्ये नव्या खेळाडूंना हेल्मेट बंधनकारक झालं, जुन्यांना सूट मिळाली, आणि ती सूट मिळालेला शेवटचा खेळाडू क्रेग मॅकटॅव्हिश १९९७ मध्ये निवृत्त होईपर्यंत उघड्या डोक्याने खेळला. मुलांच्या बाबतीत मात्र कॅनडा लवकर जागा झाला. टोरांटोचे नेत्रतज्ज्ञ डॉ. टॉम पॅशबी यांनी हॉकीत डोळे गमावणाऱ्यांच्या नोंदी देशभरातल्या डॉक्टरांकडून जमवल्या आणि हेल्मेट-जाळीचं प्रमाण, म्हणजे दर्जाचे निकष, ठरवणाऱ्या समितीचं काम वर्षानुवर्षं केलं. आज जाळीआडून आपली मुलं हसताना दिसतात, त्यामागे त्या माणसाची चिकाटी आहे.

स्टिकर काय सांगतात

हेल्मेटच्या मागच्या बाजूला दोन-तीन छोटे स्टिकर असतात. कॅनडात राहणाऱ्यांनी पहिल्यांदा शोधायचा तो सीएसएचा, म्हणजे वस्तूंच्या दर्जाची प्रमाणं ठरवणाऱ्या कॅनडातल्या संस्थेचा. हेल्मेटसाठी प्रमाणाचा क्रमांक झेड २६२.१ आणि तोंडाच्या जाळीसाठी झेड २६२.२. म्हणजे हेल्मेटवर वेगळा आणि जाळीवर वेगळा, असे दोन शिक्के दिसले पाहिजेत. एकावर आहे म्हणून दुसऱ्यावर असेलच असं धरून चालू नका, विशेषतः जाळी नंतर बदलली असेल तर. हे प्रमाण न पाळणारं आईस हॉकीचं हेल्मेट कॅनडात विकायला, आयात करायला किंवा त्याची जाहिरात करायला कायद्याने बंदी आहे. तरीही परदेशी संकेतस्थळांवरून स्वस्तात येणाऱ्या मालात बिनशिक्क्याची हेल्मेटं सापडतात. चित्रात दिसतं तसंच असतं, आत काय आहे ते कुणी तपासलेलं नसतं.

दुसरा स्टिकर एचईसीसीचा, म्हणजे हॉकीच्या साहित्याला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा. तो अमेरिकेचा, आणि एएसटीएम या तिथल्या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेच्या प्रमाणावर आधारलेला. तिसरी खूण सीई, म्हणजे युरोप. मोठ्या कंपन्या बहुतेक वेळा तिन्ही लावतात, त्यामुळे सीमेपलीकडे अमेरिकेतल्या बफेलोला खरेदीला गेल्यावर किंवा न्यू जर्सीच्या मावशीने भेट म्हणून आणल्यावर सहसा अडचण येत नाही. पण सहसा म्हणजे नेहमी नव्हे. सीएसएचा शिक्का नसेल तर कॅनडातली लीग ते हेल्मेट चालवून घेणार नाही, मग ते कितीही महाग असो. आणि सायकलचं, स्कूटरचं किंवा क्रिकेटचं हेल्मेट नुसतं स्केटिंग शिकायलाही नको. अनेक शहरांच्या सार्वजनिक रिंकवर, म्हणजे स्केटिंगच्या बर्फाच्या मैदानावर, लहान मुलांना सीएसएचं हॉकी हेल्मेटच लागतं, आणि त्याला कारण आहे. सायकलच्या हेल्मेटच्या आत थर्मोकोलसारखा पदार्थ असतो. तो एका मोठ्या अपघातासाठी बनवलेला: आदळला की स्वतः चिरडतो, धक्का गिळतो आणि तिथे त्याचं काम संपतं. हॉकी शिकणारं मूल एका तासात दहा वेळा पडतं. हॉकीच्या हेल्मेटमधला फोम दबून परत मूळ जाडीचा होतो, म्हणून तो असे अनेक धक्के झेलू शकतो.

आता शिक्क्याचा अर्थ कुठे संपतो तेही बघू, कारण आईबाबांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे असतो. प्रयोगशाळेत एका कृत्रिम डोक्यावर हेल्मेट चढवून ते ठरलेल्या उंचीवरून वेगवेगळ्या बाजूंनी आपटतात आणि आतल्या डोक्याला किती जोराचा झटका बसला ते मोजतात. तो झटका मर्यादेत असेल तर शिक्का. ही चाचणी कवटी फुटू नये, जिवावर बेतणारी इजा होऊ नये यासाठी आहे, आणि ते काम ही हेल्मेटं उत्तम करतात. कन्कशन, म्हणजे डोक्याला झटका बसून मेंदूला होणारी इजा, ही वेगळी गोष्ट आहे. दही लावलेलं पातेलं हातात घेऊन एकदम गर्रकन फिरवा. पातेलं फिरतं, दही मागे राहतं, आणि कडेला त्याची वीण मोडते. डोकं झटक्यात वळलं की मेंदूचं असंच काहीसं होतं. पातेल्यावर बाहेरून कितीही जाड कापड गुंडाळलं तरी आतलं दही हलायचं राहत नाही. म्हणून कुठलंही हेल्मेट कन्कशन होणार नाही अशी हमी देत नाही. हेल्मेटवरच्या इशाऱ्यातच ते लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही इतकंच.

कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात राहणाऱ्यांना दर हंगामात ‘रोवन्स लॉ’च्या कागदावर सही करावी लागते. रोवन स्ट्रिंगर ही ओटावाची सतरा वर्षांची रग्बी खेळाडू २०१३ मध्ये गेली. डोक्याला आधी लागलेलं असताना ती पुन्हा खेळली होती. २०१८ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला: कन्कशनचा संशय आला की खेळाडूला लगेच बाहेर काढायचं आणि डॉक्टरने हो म्हटल्याशिवाय परत घ्यायचं नाही. घाईघाईने सही करून पान उलटू नका. त्यात लिहिलेली लक्षणं मुलाशी बोला. डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाही, मळमळतंय हे त्याने तुम्हाला न घाबरता सांगितलं पाहिजे. टीममधून वगळतील या भीतीने मुलं लपवतात, हे मी पाहिलं आहे.

मग एक हेल्मेट दुसऱ्याहून चांगलं कसं ओळखायचं? शिक्का फक्त पास की नापास एवढंच सांगतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाची प्रयोगशाळा हॉकीच्या हेल्मेटना तारे देते आणि त्यात डोकं वळण्याचाही हिशेब धरते. २०१५ मध्ये त्यांनी पहिली यादी काढली तेव्हा एकाही हेल्मेटला पाच तारे मिळाले नव्हते. त्यानंतर कंपन्यांनी बरीच सुधारणा केली. ही यादी सगळ्यांना मोफत बघता येते. तिच्यात किंमत आणि तारे नेहमी हातात हात घालून चालत नाहीत, हे बघून मला फार बरं वाटलं होतं. पण पाच तारे असलेलं आणि डोक्यावर हलणारं हेल्मेट तीन तारे असलेल्या घट्ट बसणाऱ्या हेल्मेटपेक्षा चांगलं, असं मी म्हणणार नाही. तारे मिळाले तेव्हा ते कृत्रिम डोक्यावर नीट बसवलेलं होतं.

तारीख, मुदत आणि जुनं हेल्मेट

एचईसीसीच्या स्टिकरवर मुदतीची तारीख असते. बनवल्यापासून साडेसहा वर्षं, असा तिचा हिशेब. सीएसएच्या शिक्क्यावर अशी मुदत नसते. त्यामुळे एकाच हेल्मेटवर एक स्टिकर म्हणतो संपलं आणि दुसरा काहीच म्हणत नाही, आणि पालक गोंधळतात. अमेरिकेत खेळत असाल तर ती तारीख तुमच्यासाठी महत्त्वाची. कॅनडात बघायचं ते असं: सीएसएचा शिक्का आहे का, वाचता येतो का, कवचाला तडा आहे का, फोम जागेवर आहे का, कंपनीने स्वतः काही मुदत सांगितली आहे का.

सेलमध्ये घेताना मात्र तारीख बघाच. समजा ऑगस्ट २०१९ मध्ये बनलेलं हेल्मेट गोदामात पडून राहिलं आणि तुम्ही ते २०२४ च्या सेलमध्ये घेतलं. अमेरिकन मुदत फेब्रुवारी २०२६ ला संपते, म्हणजे नवं कोरं घेऊनही जेमतेम दोन हंगाम.

जुन्याबद्दल माझं मत ठाम आहे. आपल्या मंडळात एकाच्या मुलाचे स्केट, पॅड, बॅग दुसऱ्याच्या घरी जातात, आणि हा रिवाज मला मनापासून आवडतो. पैसे वाचतात, वस्तू वाया जात नाही. पण हेल्मेट त्यातून वगळा. ते किती वेळा आणि कशावर आदळलं हे बाहेरून दिसत नाही, देणाऱ्यालाही आठवत नाही. घामाने, उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहून फोम कडक झालेला असू शकतो. सख्ख्या भावाचं असेल, दोन वर्षांपूर्वी तुम्हीच घेतलेलं असेल आणि धाकट्याला ते खरोखर नीट बसत असेल, तरच विचार करा. एरवी स्केट जुने घ्या आणि वाचलेले पैसे हेल्मेटला लावा.

डोकं मोजणं आणि बसवणं

पायासारखं डोकं दर वर्षी एक नंबर वाढत नाही. सहा वर्षांपर्यंत डोक्याचा घेर मोठ्या माणसाच्या घेराच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पोहोचलेला असतो, पुढची वाढ अगदी हळू. त्यामुळे वाढत्या अंगाचं घेऊन फायदाही होत नाही, तोटा मात्र पहिल्या दिवसापासून होतो. वयावर जाऊ नका. खोक्यावर ‘यूथ’ किंवा ‘ज्युनिअर’ लिहिलेलं असतं, ते अंदाजासाठी. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या डोक्यात तीन-चार सेंटिमीटरचा फरक सहज असतो.

शिंप्याची टेप घ्या. भुवयांच्या साधारण अडीच सेंटिमीटर वरून, कानांच्या वरून आणि मागे जिथे डोकं सगळ्यात बाहेर आलेलं आहे तिथून फिरवा. दोनदा मोजा. हा आकडा घेऊन त्या कंपनीचा तक्ता बघा, कारण प्रत्येक कंपनीचं ‘स्मॉल’ वेगळं. आकडा दोन साईजच्या सीमेवर आला तर दोन्ही घालून बघायचीच. डोक्याचा आकारही वेगळा असतो: कुणाचं गोल, कुणाचं पुढून मागे लांबट. एका कंपनीचं हेल्मेट कपाळाला टोचतं आणि बाजूला सैल राहतं, दुसऱ्याचं तिथेच मस्त बसतं. म्हणून पहिलं हेल्मेट ऑनलाइन मागवू नका, मुलाला घेऊन दुकानात जा.

हॉकी हेल्मेटचं कवच दोन तुकड्यांचं असतं आणि ते मागेपुढे सरकतं. काहींना बाजूला खटके असतात, काहींना स्क्रू. आधी ते पूर्ण उघडं करा, डोक्यावर ठेवा, मग हळूहळू जवळ आणा. मुलाने ‘घट्ट आहे, पण दुखत नाही’ म्हटलं की थांबा. पुढची कड भुवयांच्या वर एक बोट असली पाहिजे. मराठी आयांना कपाळ झाकलेलं बघवत नाही, मुलाचा चेहरा दिसावा म्हणून त्या हेल्मेट मागे ढकलतात. तसं करू नका, तोंडावर पडल्यावर तेच कपाळ पुढे असतं.

आता हनुवटीचा पट्टा न लावता हेल्मेट दोन्ही हातांनी धरा आणि हळूच डावी-उजवीकडे, वर-खाली हलवा. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. हेल्मेट हललं आणि कातडी जागेवर राहिली तर ते सैल आहे. मुलाला मान खाली घालून डोकं हलवायला सांगा, पट्ट्याशिवायही ते पडता कामा नये. मग पट्टा लावा. पट्टा आणि हनुवटी यांच्यामध्ये एक बोट जाईल इतकाच. मोठा आ करायला लावा: हेल्मेट टाळूवर किंचित खाली ओढल्यासारखं वाटलं पाहिजे.

जाळी शेवटी, पण तेवढीच मन लावून. तिच्या खालच्या टोकाला हनुवटीची मऊ वाटी असते, त्यात हनुवटी अलगद टेकली पाहिजे. तोंडाशी जाळी लोंबत असेल तर हेल्मेटला साजेशी नाही, हनुवटी दाबली जात असेल तर लहान आहे. बाजूच्या प्लास्टिकच्या चापांत जाळीची तार नीट बसते ना, पट्ट्यांची बटणं लागतात ना, हे मुलालाच करून दाखवायला लावा, कारण रिंकवर ते तुमच्याशिवाय करायचं असतं. जाळी सुटी घेतली तर ती कुठल्या हेल्मेटांना चालते हे वेष्टनावर लिहिलेलं असतं, ते जुळवून घ्या. लहान मुलांच्या जाळ्यांतल्या फटी बारीक असतात, काठीचं टोक आत जाऊ नये म्हणून. लेबलवर कुठल्या वयासाठी आहे ते छापलेलं असतं. मोठ्या भावाची जाळी धाकट्याच्या हेल्मेटला लावताना हे विसरलं जातं.

हे सगळं झालं की हेल्मेट घालून मुलाला दुकानात दहा मिनिटं फिरू द्या. काढल्यावर कपाळावर सगळीकडे हलका लालसर ठसा असेल तर चिंता नाही. एकाच ठिकाणी खोल वळ उठला असेल तर तो नमुना त्याच्या डोक्याचा नाही, दुसरा बघा.

आपल्या घरांतल्या दोन गोष्टी इथे सांगायलाच हव्यात. आजी भारतातून आलेली असली की रविवारी डोक्याला तेल चोपडलेलं असतं, आणि नेमका रविवारी सकाळी सराव असतो. तेलकट केसांवर हेल्मेट सरकतं, तेल फोमच्या अस्तरात मुरतं. तेल संध्याकाळी लावा, आजीला कारण सांगितलं की ती ऐकते. दुसरी गोष्ट कानटोपी. रिंकवर गारवा असतो, म्हणून लोकरीची जाड टोपी घालून वर हेल्मेट चढवतात. टोपीसकट मापात बसलेलं हेल्मेट टोपी काढली की सैल, आणि टोपीवर घातलं की त्याला घट्ट आधारच नाही. मुलींच्या वेण्याही मानेशी खाली बांधा. टाळूजवळ अंबाडा असेल तर हेल्मेट वर उचललं जातं. माप घेताना केस खेळायच्या दिवशी असतात तसेच बांधलेले असू द्या.

हेल्मेटवर काही चिकटवण्याआधी, रंग लावण्याआधी कंपनीची पुस्तिका वाचा. गोंद आणि रंगातली द्रावणं प्लास्टिक कमकुवत करू शकतात. भोक पाडणं, आतला फोम काढणं, मोठी मुलं करतात तसे हेल्मेटचे कानावरचे तुकडे काढून टाकणं, यातल्या कशानेही शिक्का निरर्थक होतो. पुसायला साधं साबणाचं पाणी पुरतं. सरावानंतर बॅगेत कोंबू नका, घरी आल्यावर उघड्यावर वाळू द्या.

गाडीत एक छोटा स्क्रूड्रायव्हर ठेवा. जाळीचे स्क्रू गंजतात आणि पडण्याच्या हादऱ्यांनी ढिले होतात. आमच्याकडे नाताळच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सरावाला मी सगळ्या मुलांची हेल्मेटं रांगेत घेऊन बसते, दोन्ही हातांनी हलवून बघते, स्क्रू आवळते. सप्टेंबरमध्ये नीट बसलेली दोन-तीन तरी तोपर्यंत सैल झालेली सापडतातच.